आधी मुंग्या, मग पाहुणे

पहिला दिवस : नदी, लाटा आणि चाकांची सुटकेस

हॉटेलने सामानाची यादी आधीच पाठवली होती. टॉर्च हवा, पायाला घट्ट बसणाऱ्या सँडल हव्यात, केस वाळवायचं यंत्र नको, खोलीत खाऊ ठेवायचा नाही. आणि सगळ्यात शेवटी: सुटकेसला चाकं असली तर त्यांचा इथे उपयोग नाही. हे वाक्य ताईने मनाला लावून घेतलं. तिची सुटकेस नवीकोरी होती आणि चाकं बघूनच घेतलेली होती.

जायचं होतं कोस्टा रिकाच्या दक्षिणेला, पॅसिफिकमध्ये घुसलेल्या ओसा द्वीपकल्पावर. राजधानी सान होसेहून पहाटेची बस धरली की दुपारच्या सुमाराला पाल्मार नोर्ते येतं. पुढे यंत्रांचा भरवसा धरू नका, पैसे तिथेच काढा, असं तीन जणांनी बजावलं होतं. हातात आलेल्या नोटा ताईने उलटसुलट करून पाहिल्या आणि तिला प्रवासाचा कार्यक्रमच सापडला. इथल्या प्रत्येक नोटेच्या मागे एक प्राणी आहे. 1000 कोलोनवर हरीण, 2000 वर बुल शार्क, 5000 वर खारफुटीतलं पांढऱ्या तोंडाचं कापुचिन माकड, 10,000 वर स्लॉथ, 20,000 वर हमिंगबर्ड. "एवढे सगळे बघायचे," ती म्हणाली. नोटेवरचा तो हमिंगबर्ड थंड डोंगरमाथ्यावर राहतो, समुद्रकाठी उतरत नाही, हे मी तेव्हा बोलले नाही.

दहा हजारांची नोट तिला विशेष आवडली. पुढच्या बाजूला होसे फिगेरेस, ज्यांनी 1948 साली या देशाचं लष्करच बरखास्त करून टाकलं, आणि मागे जगातला सगळ्यात बिनघाईचा प्राणी. "एकाच नोटेवर दोघं अगदी शोभून दिसतात," ती म्हणाली.

होडी जिथून सुटते त्या सिएर्पेकडे जाताना पाल्मार सुरच्या बागेत टॅक्सी पाच मिनिटं थांबवली. तिथे दगडी गोळे मांडून ठेवलेत. 1930 च्या दशकात केळीच्या बागांसाठी जंगल साफ करताना ते उजेडात आले. काही माणसाच्या उंचीहून मोठे. युरोपी माणसं इथे येण्याच्या आधीच्या दिकिस लोकांनी ते घडवले, आणि 2014 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहेत. ते कशासाठी घडवले हे कुणालाच नीट ठाऊक नाही. मला ते आवडलं. ताईला होडी चुकेल याची धास्ती होती.

होडी चुकली नाही. सिएर्पे नदीत दोन्ही काठांना खारफुटी, जवळपास 30 हजार हेक्टरांच्या पाणथळीतली. वळणावळणाचं पाणी, गढूळ, गुळगुळीत. अर्ध्या तासात नावाड्याने इंजिन बंद केलं आणि बोट वर केलं. फांदीवर बसून कापुचिन खेकडा फोडत होतं. म्हणजे पाच हजारांची नोट पहिल्याच दिवशी वठली.

मग नदीचं मुख आलं. इथे गंमत संपते. नदीचं पाणी बाहेर जातं, समुद्राच्या लाटा आत येतात, आणि मधल्या पट्ट्यात पाणी उभं राहतं. नावाड्याने होडी थोपवून धरली. एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, तिसरीही. कुणी बोलेना. मग अचानक इंजिन पूर्ण सोडून तो दोन लाटांच्या मधल्या खळग्यातून सुसाट निघाला आणि पलीकडे गेल्यावर जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने "पुरा विदा" म्हणाला, म्हणजे इकडच्या बोलीत 'सगळं मस्त'. ताईने माझ्या दंडावर नखं उमटवली होती.

हॉटेलला धक्का नाही. गुडघाभर पाण्यात उतरायचं. सुटकेस एका पोराने खांद्यावर टाकली आणि वर जाणाऱ्या लाकडी पायऱ्या चढायला लागला. मी 120 पर्यंत मोजल्या, पुढे दम लागला. वर खांबांवर उभी खोली: तीन बाजूंना फळ्या, चौथ्या बाजूला भिंतच नाही, समोर थेट समुद्र. पलंगावर मच्छरदाणी. छत पामच्या पानांचं.

"दार कुठे आहे?" ताई.

दार होतं. कडी नव्हती.

दुसरा दिवस : यंत्रणा

पहाटे साडेचारला हाउलर माकडं सुरू झाली. हा आवाज आधी न ऐकलेल्या माणसाला तो माकडाचा वाटणं अशक्य आहे. अंगाने कुत्र्याएवढा प्राणी आणि आवाज रिकाम्या टाकीत वारा कोंडल्यासारखा. ताई अंधारात उठून बसली. "काय आहे ते?" "माकड." "कितीशे?" बहुधा चारच होती.

न्याहारीला गायो पिंतो, म्हणजे आदल्या दिवशीचा भात आणि काळे घेवडे एकत्र परतलेले, बाजूला अंडं आणि पिकल्या केळ्याचे तळलेले काप. त्यानंतर मालकीणबाई पाहुण्यांना जागा दाखवायला घेऊन निघाल्या. कोणाला समुद्रावर जायचं असेल तर जा म्हणाल्या. सगळे गेले. आम्ही दोघीच उरलो, कारण ताईला रात्रीपासून एक प्रश्न छळत होता: इथे दिवे नऊला का जातात?

उत्तर दोन भागांत मिळालं. स्वयंपाकघरावर सौर पट्ट्या आहेत आणि मागच्या ओढ्यावर पेल्टन चक्र बसवलंय. उंचावरून नळीतून आणलेलं पाणी चक्राच्या वाट्यांवर आदळतं आणि छोटंसं जनित्र फिरतं. डिसेंबर ते एप्रिल ऊन भरपूर, पण ओढा रोडावलेला. सप्टेंबर-ऑक्टोबरात ओढा फुगलेला, पण ऊन नाही. आणि आम्ही आलो होतो मे महिन्यात, जेव्हा ऊन निरोप घेतं आणि ओढा अजून जागा झालेला नसतो. "स्वस्त मिळालं ना?" ताईने माझ्याकडे बघून विचारलं. मिळालं होतं.

म्हणून विजेला अग्रक्रम ठरलेला. स्वयंपाकघरातल्या फळीवर खडूने लिहिलेला. पहिला नंबर मासळीच्या शीतपेटीचा. दुसरा होड्यांशी बोलायच्या रेडिओचा. तिसरा पिण्याच्या पाण्यातले जंतू मारणाऱ्या दिव्याचा. चौथे पायऱ्यांवरचे दिवे, कारण रात्री पायऱ्यांवर साप असू शकतो. पाचवं कोरडं कपाट. सहावे पाहुणे, म्हणजे आमचे फोन.

कोरडं कपाट ही तिथली सगळ्यात शहाणी वस्तू. साधं लाकडी कपाट, आत एक जुन्या पद्धतीचा तापणारा बल्ब कायम जळता. त्याच्या उबेने आतली हवा सुकी राहते. कॅमेरे, दुर्बिणी, पासपोर्ट, चालकाचे परवाने सगळं त्यात. बाहेर ठेवलं तर भिंगांच्या आत बुरशीची जाळी धरते. टॉवेल मात्र कपाटात ठेवायची परवानगी नाही, आणि टॉवेल पाच दिवसांत एकदाही वाळला नाही.

डुकरांचं आवार आलं तेव्हा ताई खुलली. तीन डुकरं, त्यांच्यामागे जमिनीत लांबट प्लॅस्टिकची फुगलेली पिशवी, तिच्यातून निघालेली नळी थेट चुलीपर्यंत. "अगं, हा तर गोबरगॅस!" मालकीणबाईंना शब्द कळला नाही, पण सूर कळला. ताटातलं उष्टं डुकरांना, डुकरांची घाण पिशवीत, पिशवीतला वायू शेगडीला, शेगडीवर उद्याचे घेवडे. उरलेला रेंदा केळीला. ताईने दुपारी ताट चाटूनपुसून संपवलं तेव्हा मी म्हटलं, डुकरांचं काय? तिने उत्तर दिलं नाही.

छप्पर सुइता नावाच्या पामचं. पानं चंद्र उतरणीला लागल्यावरच तोडतात, नाहीतर कीड लागते अशी इकडची समजूत आहे. "वद्य पक्षात," ताई लगेच म्हणाली आणि मान डोलावली, जणू हे तिनेच सांगितलं होतं. खरं-खोटं मला माहीत नाही. छप्पर नऊ वर्षांचं आहे आणि गळत नाही.

ओढ्याकाठी बसून मालकीणबाईंनी जमिनीची कथा सांगितली. वडील इथे आले तेव्हा कायदाच असा होता की जंगल तोडून कुरण केलं, की ती जमिनीची 'सुधारणा' धरायची, आणि जमीन नावावर व्हायची. वडिलांनी इमानेइतबारे तोडलं. सगळ्या देशानेच तोडलं. 1980 च्या दशकापर्यंत पाव हिश्श्याच्या आसपास जंगल उरलं होतं. मग वारं फिरलं. 1997 पासून सरकार जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला पैसे देतं आणि त्यासाठी इंधनावर कर लावतं. आज निम्म्याहून अधिक देश पुन्हा झाडांखाली आहे. आमच्या खोलीखालचा उतार त्यांच्या लहानपणी गुरांचं कुरण होता. "झाडं मी लावली नाहीत," त्या म्हणाल्या. "गुरं काढली. बाकी पक्ष्यांनी केलं."

याआधी आम्ही एका मोठ्या हॉटेलात राहिलो होतो. तिथे न्हाणीघरात कार्ड होतं: पृथ्वी वाचवा, टॉवेल दुसऱ्यांदा वापरा. खोलीत वातानुकूलन इतकं गार की रात्री तोच टॉवेल पांघरावा लागला. इथे असं एकही कार्ड नाही. पाहुण्याला पृथ्वी वाचवायला कोणी सांगत नाही, फोन चार्ज होणार नाही एवढंच सांगतात.

अर्थात आम्ही दोघी अर्धी पृथ्वी विमानाने ओलांडून आलो होतो. त्याचा नंबर त्या फळीवर कुठेच नव्हता.

तिसरा दिवस : सिरेना

सकाळी सहाला होडीने कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यानात. 1975 मध्ये हे उद्यान झालं, त्यानंतरही आत सोनं धुणारे लोक होते, त्यांना 1986 मध्ये बाहेर काढलं. 2014 पासून परवानाधारक वाटाड्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. सिरेनाच्या चौकीवर पिशव्या उघडून पाहतात. प्लॅस्टिकच्या वापरून फेकायच्या बाटल्या चालत नाहीत.

प्राणी दिसले, खूप दिसले, आणि त्यांची यादी देत बसत नाही. देशातल्या चारही जातींची माकडं इथे आहेत. आम्हाला चारही भेटली. स्पायडर माकडाने तर ताईच्या टोपीवर फांदी मोडून टाकली. लक्षात राहिला तो टापीर. इथे त्याला दांता म्हणतात. चिखलाच्या खळग्यात दोनशेहून जास्त किलोंचं जनावर कुशीवर निजलेलं, सोंडेसारखं नाक अधूनमधून हलतंय, अंगावर गोचिड्या. आम्ही बारा माणसं सात-आठ मीटरांवर श्वास रोखून उभी. त्याने एक डोळा उघडला, आमच्याकडे पाहिलं आणि मिटला. इतकं पूर्ण दुर्लक्ष माझ्याकडे आजवर कोणी केलेलं नाही.

किनाऱ्यालगत बदामाची झाडं. हो, तीच, लाल पानांची. मूळची आशियातली, इथे आणून रुजलेली, आणि लाल मकाव पोपट त्यांच्यावर जीव टाकतात. झाडाखाली उभं राहिलं की वरून कडाकड फोडल्याचा आवाज येतो आणि सालींचा पाऊस पडतो.

भरतीच्या वेळी बुल शार्क सिरेना नदीच्या मुखात शिरतात. दोन हजारांची नोट! ताई वाळूत ठाण मांडून बसली. पाऊण तासाने पाण्यात काहीतरी काळं त्रिकोणी वर आलं. "शार्क!" वाटाड्याने दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिलं आणि खिन्न स्वरात सांगितलं: ओंडका. तो मगर म्हणाला असता तरी आम्ही विश्वास ठेवला असता, मगरी तिथे आहेतच. खरं बोलल्याबद्दल परतताना त्याला बक्षिसी जास्त दिली.

स्लॉथ मात्र नाही. प्रत्येक ग्वारुमो झाडाखाली माना वर करून पाहिलं. स्लॉथला त्याची पानं आवडतात म्हणे. मान आखडली.

चौथा दिवस : मुंग्या

रात्रभर कोसळला. पामच्या छपरावर पाऊस टपटपत नाही, तो सरसरतो, एखाद्याने शेजारी बसून सुपात तांदूळ पाखडावेत तसा. सुंदर झोप लागली असती, जर ताईने दर तासाला "गळतंय का?" विचारलं नसतं.

सकाळी आकाश राखाडी. फळीवर सहावा आणि पाचवा नंबर खडूने खोडलेले. म्हणजे फोन गेले आणि कोरड्या कपाटातला बल्बही विझला. मी कॅमेरा पोटाशी धरून बसले. उबदार जागा ती एकच उरली होती.

दहाच्या सुमाराला कसलीशी सळसळ ऐकू आली. पावसाची नव्हती, सुकी होती, पाचोळ्यावरून कोणी झाडू ओढत आणावा तशी. आधी आले झुरळ. एक, मग पाच, मग मोजण्यापलीकडे, सगळी एका दिशेने, आमच्या खोलीतून बाहेर पळणारी. मग कोळी. मग एक विंचू, शेपटी वर, तोही पळतोय. ताई खुर्चीवर चढली. मी आधीच चढलेली होते.

मग पायऱ्यांवरून त्या आल्या. लष्करी मुंग्या. रांग नव्हे, पसरलेली चादर, पाच-सहा हात रुंद, पुढची कड चाचपडत सरकणारी. लाखोंनी असतात. यांना कायमचं वारूळ नसतं. एकमेकींच्या पायांत पाय गुंतवून स्वतःच्या अंगाचाच तळ उभारतात, आत राणी आणि पिल्लं. दोनेक आठवडे रोज मुक्काम हलवतात, मग तीनेक आठवडे एका जागी थांबतात, आणि वाटेत जे जिवंत सापडेल ते कापून नेतात. त्यांच्या मागोमाग झुडपांतून पक्षी उड्या मारत येत होते. ते मुंग्या खात नाहीत. मुंग्यांना भिऊन जे उडतं-पळतं ते खातात.

मी मालकीणबाईंना हाक मारली. त्या आल्या, पायऱ्यांखाली थांबल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पाचही दिवसांत पाहिलेला सगळ्यात प्रसन्न भाव आला.

"वा! तुमच्या खोलीत आल्या! कपड्यांच्या पिशव्या दोरीला टांगा आणि खाली या. दोन तास लागतील."

"काही फवारत नाही का?" ताईने खुर्चीवरून विचारलं.

"कशाला? हीच तर आमची फवारणी. गेल्या वर्षी आल्याच नाहीत, फार त्रास झाला."

मागच्या बाजूने उड्या मारत आम्ही सुटलो. माझ्या घोट्याला तीन चावल्या. जबडा इतका घट्ट की मुंगी ओढून काढली तरी डोकं तिथेच. स्वयंपाकघरात बसून कॉफी घेतली, कापडाच्या पिशवीतून गाळलेली, आणि धुराने डोळे चोळत वरच्या आमच्या खोलीकडे बघत राहिलो. दुसरं कोणी हॉटेल असतं तर माफीचं पत्र आलं असतं, फळांची परडी आली असती. इथे स्वयंपाकीण बाईंनी मालकीणबाईंना हेवा वाटल्यासारखं विचारलं की, आमच्या घराकडे पण वळतील का?

ताईने पर्समधून दहा हजारांची नोट काढली आणि फिगेरेस यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "यांनी लष्कर मोडलं म्हणे," ती म्हणाली, "सगळं नाही."

साडेबाराला वर गेलो. खोली इतकी स्वच्छ मी आयुष्यात पाहिलेली नाही. फळ्यांच्या फटी, छपराचे वासे, पलंगाखालचे कोपरे, कुठे काही हलत नव्हतं. एक झुरळाचा पंख तेवढा जमिनीवर पडला होता, ताईने तो चिमटीत धरून बाहेर टाकला. मग तिने रोजच्यासारखी चप्पल झटकली, त्यात काही नव्हतं, आणि ती बिनधास्त आडवी झाली. पहिल्या दिवसापासून प्रथमच तिने मच्छरदाणी खोचली नाही.

संध्याकाळी पुन्हा पाऊस. पायवाटेवर जांभळ्या-नारिंगी खेकड्यांची वर्दळ सुरू झाली, पावसाळ्याची खूण म्हणे. रात्री चौथा नंबरही खोडला गेला. ओढ्याचा आवाज वाढला होता. मालकीणबाई टॉर्च घेऊन चक्राकडे गेल्या आणि भिजून परत आल्या. उद्यापासून ओढा वीज देईल म्हणाल्या. उद्या आम्ही निघणार होतो.

पाचवा दिवस : परत

होडी सात वाजता. निघण्याआधी आमच्या खोलीतला कचरा ताणकाट्याला लावला. इथे न कुजणारं जे होडीने येतं ते होडीनेच परत जातं, आणि त्याची वही आहे. दोघींचे मिळून पाचशे ग्रॅम. बिस्किटांची वेष्टनं, रिकामी ट्यूब, माझे मेलेले सेल. सेल आमच्याच हातात परत दिले. ताईने वहीत मागची पानं चाळून इतरांचे आकडे पाहिले आणि एका जर्मन दांपत्याने दोनशेत भागवल्याचं मला होडीत बसेपर्यंत तीनदा सांगितलं.

नदीच्या मुखाशी नावाडी पुन्हा थांबला. या वेळी ताईच मोजत होती, मोठ्याने. तिसऱ्या लाटेनंतर ती म्हणाली "आता," आणि तो चौथीनंतर निघाला.

सिएर्पेला बक्षिसी द्यायची वेळ आली. माझ्याकडे सुट्टे नव्हते. ताईच्या पर्समध्ये एक दहा हजारांची आणि दोन पाच हजारांच्या. तिने दोन माकडं काढून दिली.

"अगं, एकच नोट द्यायची ना."

"हा अजून दिसायचा आहे," ती म्हणाली, आणि नोट घडी न घालता पासपोर्टात ठेवली. मग सुटकेस डांबरी रस्त्यावर उभी केली, दांडी ओढली आणि निघाली. एका चाकात वाळू अडकली होती. ते चाक बसथांब्यापर्यंत फिरलं नाही, नुसतं घासत गेलं.